कॅप्टनच्या नावावरची रेघ

१० जुलै २०००, सोमवार

कॅप्टन गेला. तापानं. तसा तो जाऊन दोनशे वर्षं होत आली, पण मला आज चहाच्या सुट्टीच्या आधी कळलं. डोळ्यांत पाणी यायचं काही कारण नव्हतं – आलं! शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीनं विचारलं, "काकू, स्क्रीनचा त्रास होतोय का?" हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आमचं काम असं. अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाकडे कॅप्टन जोसाया व्हेदरेल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या घराण्याचे कागद आहेत. त्यांचा देश नुकताच स्वतंत्र झाला होता, तेव्हाचा हा माणूस. हुकूम, पावत्या, ह्याची पत्रं, बायकोची पत्रं, मुलांची पत्रं. त्यांचे फोटो सीडीवर भरून स्वारगेटला आमच्या कंपनीत येतात आणि आम्ही ते बघून कॉम्प्युटरवर उतरवतो. म्हणजे टायपिंगच. जन्मभर तेच केलं, पण तेव्हा समोर नुसतं "आपल्या पत्रास अनुसरून" असायचं. आता समोर माणसं असतात.

११ जुलै

आज कॅप्टननं लोकरीचे मोजे मागितले. काल गेलेला माणूस! कागद तारीखवार येत नाहीत, पेटीतून जसे निघाले तसे येतात. त्यामुळे कॅप्टन सोमवारी मरतो आणि मंगळवारी बायकोला लिहितो – मोजे पाठव, आधीचे उंदरांनी खाल्ले.

ह्यांचंही माझ्याकडे असंच चाललेलं असतं. जाऊन पाच वर्षं झाली, पण कपाट आवरायला घेतलं की मध्येच कुठेतरी हजर होतात. परवा बटाट्यांच्या टोपलीखाली ह्यांचा बुटाचा चमचा निघाला. परत तिथेच ठेवला.

१६ जुलै, रविवार

नीरजाचा बंगलोरहून फोन. कॅप्टनच्या बायकोचं नाव सांगितलं – थँकफुल! आपल्याकडे कुणी मुलीचं नाव कृतज्ञा ठेवील का? लेक पोट धरून हसली. "आई, तू ऑफिसमधून गॉसिप आणायला लागलीस, आणि तेही दोनशे वर्षांपूर्वीचं!"

जुनी कंपनी बंद पडली तेव्हा हिनंच इंटरनेटवर ही जाहिरात शोधली होती. मी म्हणत होते, पन्नाशीच्या बाईला कोण घेतंय! घेतलं. खुर्ची फिरती आहे. पहिला आठवडा मी कुणाचं लक्ष नसताना फिरून घेतलं.

२१ जुलै

माझा 'बी' म्हणजे कठीण काम आहे.

प्रत्येक पान दोन माणसं टाइप करतात. मी 'ए', दुसऱ्या मजल्यावर. 'बी' तिसऱ्या मजल्यावर. दोघांनी एकमेकांना न विचारता टाइप करायचं, मग मशीन दोन्ही ताडून बघतं. जिथे दोघांचं जमत नाही तिथे आमची सुपरवायझर अक्षता मूळ पान बघून निकाल देते. जिथे जमतं, ते बरोबर म्हणून थेट अमेरिकेला जातं. दोन परकी माणसं एकच चूक करणार नाहीत, असा हिशेब.

आणि नियम असा, की जे दिसतं ते उतरवायचं. त्यानं चुकीचं लिहिलं असेल तर आपणही चुकीचं. त्यानं खोडलं असेल तर शब्द टाइप करून रेघेची खूण टाकायची. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. ह्यांना हे काम एक दिवस जमलं नसतं!

बी कोण हे विचारलं, तर अक्षता म्हणाली, "मॅम, प्लीज, पॉलिसी आहे." असेना. फरकाचा कागद रोज संध्याकाळी हातात येतो, त्यावरून माणूस कळतो. तोफा, पलटणी, हुद्दे आले की बी बरोबर आणि मी तोंडघशी. कापडचोपड, लेस, लोणची आली की बी आडवा. म्हणजे पुरुष आहे, वयस्कर आहे आणि लष्करातलं काहीतरी पाहिलेलं आहे. मी मनातल्या मनात त्याला आप्पासाहेब म्हणते. मिशाही दिल्यात.

२ ऑगस्ट

रेशन दुकानात शंभूनं पुन्हा सुरू केलं. "वहिनी, साहेबांचं नाव कमी करून आणा हो. नवीन केशरी कार्ड झालं तेव्हाच करायला हवं होतं."

नवीन कार्डावर जुन्यावरून नाव तसंच उतरलं आणि मी गप्प बसले, हे त्यालाही माहीत आहे. म्हटलं, "शंभू, साखर मी एकाचीच नेते ना? मग ते नाव तुझ्या डोळ्यांत का खुपतंय?" म्हणाला, "मला काय करायचंय, पण उद्या तपासणी आली तर?" आली तर त्यांना चहा देऊ म्हटलं.

रेशनिंग कचेरीत लाल पेनानं रेघ मारतात. पट्टी लावून! शेजारच्या मथुराबाईंच्या कार्डावर पाहिली आहे. आणि त्याआधी खिडकीतून नाव सांगावं लागतं. मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर ते नाव कधी तोंडानं घेतलेलं नाही. सबंध संसार 'अहो' आणि 'हे' यात झाला. आता रांगेत उभं राहून, काचेच्या भोकातून, ओरडून सांगू? आणि ते कशासाठी, तर खोडायला?

नाही जाणार.

१८ ऑगस्ट

आप्पासाहेबांनी आज 'डिमिटी' हे कापड बरोबर टाइप केलं! कुणालातरी विचारलं असणार. वाईट वाटलं थोडं.

२३ ऑगस्ट

आज काय आलं समोर! किल्ल्यावरच्या शिध्याची यादी. महिन्याची. कॅप्टनच्या घरात खाणारी तोंडं किती, आणि प्रत्येकाला काय – पीठ, खारवलेलं मांस, मीठ, साबण, मेणबत्त्या, दारू. दारूही शिध्यात! शंभूला सांगायला पाहिजे. वर कॅप्टनचं नाव, खाली थँकफुल, मग पेशन्स, सॅम्युएल, धाकटी लूसी. म्हणजे रेशन कार्डच की हो हे!

आणि कॅप्टनच्या नावावर रेघ. एकच, सरळ. शाई जरा फुटलेली.

त्याच्या मरणाचं पत्र टाइप केलं तेव्हा रडू आलं होतं. आज आलं नाही. आज नुसती त्या रेघेकडे बघत बसले. नाव टाइप केलं. खूण टाकायला हात उचलला आणि तो खाली गेलाच नाही. म्हटलं, राहू दे. आप्पासाहेब टाकतीलच, त्यांचं काम चोख असतं. मग फरक निघेल, अक्षता मूळ पान बघेल, रेघ लागेल. मारायची त्यांनी मारावी, माझ्या हातून नको.

२४ ऑगस्ट

फरकाचा कागद आला. त्यात यादी नाही. एकदा नाही, तीनदा पाहिलं. विचारायची सोय नाही – विचारलं तर मी काय केलं ते सांगावं लागेल.

१ सप्टेंबर

गणपती बसले. चौकात स्पीकर असा लावलाय की आमच्या डब्यातले शेंगदाणे हलतात. तळणीचे मोदक केले. चांगले झाले.

१८ सप्टेंबर, सोमवार

लिहू की नको असं झालंय, इतका दिवस गेला.

सकाळी अक्षतानं केबिनमध्ये बोलावलं. तोंड उतरलेलं. अमेरिकेतल्या ग्रंथालयातल्या बाईंची ईमेल आली होती. शिध्याच्या यादीत कॅप्टनच्या नावावरची रेघ नाही. एका टायपिस्टच्या हातून सुटेल, दोघांच्या हातून तीच कशी सुटली? तुमची माणसं एकमेकांचं बघून टाइप करतात का?

तेवढ्यात दार वाजलं आणि एक गृहस्थ आत आले. दोरीला अडकवलेला चष्मा, खिशात कंगवा, मिशा नाहीत. नाव वैजनाथ. हे आप्पासाहेब!

अक्षता म्हणाली, "सर, मॅम, खरं सांगा. तुम्ही दोघं भेटता का? कारण सेम टु सेम मिस्टेक आहे. इट्स नॉट पॉसिबल. प्रोजेक्ट गेलं ना, तर आपण सगळे घरी."

"भेटतो," मी म्हटलं. "आत्ताच भेटलो." तिला हसू आलं नाही.

मग वैजनाथ म्हणाले, "मॅडम, रेघ मला दिसली होती. टाकवली नाही. वाटलं, ए टाकतीलच. त्या लई कडक आहेत."

कडक! मी! राग यायच्या आधी तोंडातून निघून गेलं – "मला वाटलं, बी टाकतील." अक्षता एकदा माझ्याकडे बघतेय, एकदा त्यांच्याकडे. शेवटी म्हणाली, "म्हणजे दोघांनी बघितली आणि दोघांनी एकमेकांवर सोडली? मग रेघ मारायची कुणी? मी?"

पोरगी गुणी आहे. काढून टाकू शकली असती. तिनं वर काय लिहिलं कुणास ठाऊक, पण आम्हाला शिक्षा ही – सबंध पेटी पुन्हा तपासायची, एका टेबलाशी बसून. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ पान बघायचं. आणखी एक जरी चूक निघाली तर दोघांना नारळ. ही खुर्ची जायला नको. देवा, ही खुर्ची मला फार आवडते!

१९ सप्टेंबर

पहिलं पान तेच काढलं. यादी. ते की-बोर्डाकडे बघतात, मी की-बोर्डाकडे बघते. शेवटी अक्षता मागून आली, वाकून तिनंच बटण दाबलं आणि म्हणाली, "झालं? चला पुढे." कॅप्टन दुसऱ्यांदा गेला.

२६ सप्टेंबर

तोफा ते वाचतात, कापड मी वाचते. छान चाललंय!

मूळचे अकोल्याचे. लष्कराच्या डेपोत कारकून म्हणून निवृत्त झाले. कात्रजला राहतात. इतकी वर्षं पुण्यात काढली, तरी "तुम्ही बघून राहिल्या ना?" असं विचारतात. मी सुधारायला जाते, मग राहू देते. 'डिमिटी'चं विचारलं, तर लक्ष्मी रोडवरच्या कापडवाल्याला जाऊन विचारलं होतं म्हणे! त्या दुकानदारानं पुणेरी उत्तर दिलं – "घ्यायचं नसेल तर माहिती कशाला?"

बायको चंपा. तीन वर्षांपूर्वी गेली. किती सहज नाव घेतात! "माझ्या कार्डावर चंपाचं नाव हायेच अजून. दुकानदार रोज म्हणून राहिला, काढा, काढा. मी म्हणतो, तुझ्या घरचं जेवते का ती?"

मी इतकी हसले की अक्षतानं काचेतून पाहिलं. मग त्यांना शंभूचं सांगितलं. सगळंच सांगितलं. नाव घेता येत नाही हेसुद्धा. ते हसले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "पान एकशे बारा, घ्या."

६ ऑक्टोबर

तपासणी संपली. दुसरी चूक नाही! अक्षतानं दोघांना समोसे आणले. अमेरिकेहून उत्तर आलं : दुरुस्त प्रत मिळाली, आभार. इतकंच! इथे आमचा जीव टांगणीला लागला होता.

उद्यापासून आप्पासाहेब परत तिसऱ्या मजल्यावर. पानांबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, अशी सही दोघांकडून घेतली. डब्याबद्दल पॉलिसीत काही लिहिलेलं नाही, हे त्यांनी शोधून काढलं. तेव्हा जेवायला बाहेरच्या पायऱ्यांवर.

२० ऑक्टोबर

स्वारगेटच्या स्टॉपवर उभे होतो. एकदम म्हणाले, "द्वारकाबाई, सांगून टाकतो. एकट्यासाठी दोन पोळ्या लाटायचा कंटाळा आला. म्हणजे पोळ्यांसाठी नव्हे! पोळ्या मी लाटीन. तुम्ही माझ्या घरी याल का? रीतसर, लग्न करून."

मी म्हटलं, "बस आली," आणि चढले. ती कात्रजची निघाली! त्यांची! ते बिचारे खालीच उभे राहिले, मला अवघड व्हायला नको म्हणून. मी कात्रजला जाऊन, डेअरीचं गार दूध पिऊन, दुसऱ्या बसनं शनिवार पेठेत आले.

२१ ऑक्टोबर

राग आलाय. ह्या वयात! पेठेत तोंड कसं दाखवायचं? पेठेला काय, पुढच्या दिवाळीपर्यंत चघळायला पुरेल.

खरं लिहायचं तर राग आलेला नाही, म्हणून राग आलाय. रात्री झोप छान लागली. माणूस मला आवडतो. पण मग कार्डावरून ह्यांचं नाव जाणार. त्याशिवाय कसं व्हायचं? आणि ते सांगायला मीच खिडकीशी जायचं. तिथे अक्षता येणार नाही बटण दाबायला.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. चकल्या बिघडल्या, मऊ पडल्या. पायऱ्यांवर जात नाही, जागेवरच डबा खाते. आठवडाभर फरकाच्या कागदावर एकही फरक नाही. अक्षता म्हणते, रेकॉर्ड आहे. तिला काय सांगू!

९ नोव्हेंबर

थँकफुलचं पत्र आलं. कॅप्टनच्या बहिणीला लिहिलेलं. खाली सही – थँकफुल प्रायर. हे कोण? पानाच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचलं. लग्न केलंय बाईनं! मोठी कृतज्ञाबाई! अशी चिडले की दोनदा चुकीचं बटण दाबलं.

मग पुढचं आलं. लिहिते – जोसायाची टोपी अजून दाराशेजारच्या खुंटीवर आहे. मिस्टर प्रायरनी ती काढायला कधी सांगितलं नाही. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी एक खिळा ठोकला आणि आपली टोपी त्यावर अडकवली. वारा आला की दोन्ही टोप्या एकमेकींना लागतात.

टाइप केलं. जसं होतं तसं, एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे नाही. मग पाणी प्यायला उठले. हेच पान तिसऱ्या मजल्यावरही असणार. आज नाहीतर उद्या तेही वाचतील.

१० नोव्हेंबर

डबा घेऊन पायऱ्यांवर गेले. ते आधीच बसले होते. त्यांनी माझ्या डब्यात वांग्याची भाजी वाढली. तिखट! नाकातून पाणी आलं.

मग म्हणाले, "माझ्या घरच्या भिंती मजबूत आहेत. खिळा चांगला बसतो."

"पानाबद्दल बोलायचं नाही," मी म्हटलं. "सही केलीय आपण."

"पानाबद्दल कुठं? भिंतीबद्दल बोलून राहिलो."

मी भाजी परत मागितली.

१९ नोव्हेंबर, रविवार

नीरजाला सांगितलं. तिनं आधी विचारलं, "बाबांचा फोटो?"

"जिथे मी, तिथे तो."

"मग ठीक आहे. काय नाव त्यांचं?"

"वैजनाथ."

"आई! तू चक्क नाव घेतलंस!"

घेतलं खरं. जीभ चावली. पण ह्यांचं नाव तेवढं अजून ओठाशी अडतं. आरशासमोर करून पाहिलं, हसूच आलं. वैजनाथना काहीच उत्तर दिलेलं नाही. कधी विचारत नाहीत, रोज भाजी आणतात. मी ठरवलंय – आधी कचेरी. तिथे ह्यांचं नाव नीट घेता आलं, तर पुढचं. नाही आलं, तर कार्ड तसंच राहील आणि मीही.

१ डिसेंबर

वैजनाथना म्हटलं, नाव कमी करायला जाते आहे. म्हणाले, चंपाचंही राहिलंय, बरोबर येतो. सोमवारी दोघांनी अर्धी रजा घेतलीय. अक्षतानं कारण विचारलं नाही. फार हसली मात्र.

४ डिसेंबर, सोमवार

रेशनिंग कचेरी. लांब रांग. आमचा नंबर आल्यावर दोघांनी दोन कार्डं एकदमच आत सरकवली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कुणाचं नाव?" म्हटलं, "श्रीनिवास." ऐकू गेलं नाही. मोठ्यानं म्हटलं – श्रीनिवास! सगळ्या रांगेनं ऐकलं. काही झालं नाही. छान नाव आहे.

बाईंनी लाल पेन उचललं, पट्टी घेतली. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "नुसतं कमीच करायचंय, की वाढवायचंही आहे?"

"दोन्ही," – दोघं एकदम म्हणालो. काडीचा फरक नाही!